अडकणारी रेस: पेडल, वायर आणि थ्रॉटल घरीच मोकळं करताना

रेसच्या पेडलवरून पाय उचलला की इंजिनाचा आवाज लगेच खाली बसायला हवा. माझ्या गाडीत तो वरच रेंगाळायला लागला. आधी फक्त सकाळी, मग दुपारीही. एकदा तिसऱ्या गिअरमध्ये पेडल अर्ध्याच्या खाली जाऊन बसलं आणि बुटाचं टोक खालून लावल्यावरच वर आलं. गाडी जुनी, तीन सिलिंडरची पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी), रेस वायरवर चालणारी, वर मागाहून बसवलेलं एलपीजी किट. अशा गाडीचं हे काम घरी होतं. मला अडीच तास लागले, त्यातला पाऊण तास डॅशबोर्डखाली डोकं घालून पडण्यात गेला.

काम पूर्ण होईपर्यंत गाडी चालवू नये. पण चालत्या गाडीतच रेस अडकली तर काय करायचं, ते आधी डोक्यात पक्कं असावं. क्लच पूर्ण दाबायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि ब्रेक एकदाच जोरात दाबून तसाच धरायचा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्यायचं. ब्रेक पंप करायचा नाही, आणि त्याला कारण आहे. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या डब्याला, ओढ मिळते ती इंजिनाच्या व्हॅक्युममधून, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, सताड उघडं असलं की तो व्हॅक्युम जवळपास संपतो. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरती शिल्लक असते. ती पंप करण्यात उडवली की पेडल दगडासारखं होतं. डिझेलला वेगळा व्हॅक्युम पंप असतो, तिथे ही अडचण तेवढी नाही. किल्ली बंद करायचीच झाली तर एकच घर मागे घ्यायची, बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. लळिंग घाटात किंवा कन्नड घाटात हे आठवायला वेळ मिळत नसतो. म्हणून मोकळ्या जागेत, गाडी उभी असताना, हात-पाय एकदा त्या क्रमाने फिरवून पाहावेत.

आता काम. सगळ्यात मोठी चूक आपण सुरुवातीलाच करतो: बोनेट उघडायचं, दिसेल त्या सांध्यावर स्प्रे मारायचा आणि 'झालं मोकळं' म्हणून निघायचं. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. रेसची साखळी तीन तुकड्यांची असते: आतलं पेडल, मधली वायर आणि इंजिनावरचं थ्रॉटल. तिन्ही एकमेकांपासून सोडवून, एकेक हाताने हलवून बघितल्याशिवाय दोष कुठे आहे ते कळत नाही.

त्याच्याही आधी पायाखालचं मॅट काढा. हसू नका. आपल्याकडे कंपनीच्या मॅटवर रबरी मॅट आणि त्यावर आणखी एक, असे थर चढवतात. वरचं पुढे सरकतं, त्याची कड पेडलच्या खालच्या टोकाला अडते आणि माणूस वायर बदलत बसतो. मॅट काढल्यावर त्रास गेला तर काम तिथेच संपलं. माझा गेला नाही.

पेडल कसं अडतं यावरूनही बरंच कळतं. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हळूहळू दाबायचं. पहिल्याच दाबाला चिकटल्यासारखं वाटून मग 'टक्' करून सुटत असेल, तर थ्रॉटलच्या पाकळीच्या (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या गोल पत्र्याच्या) कडेला कार्बन बसलेला असतो. दर वेळी ठरावीक एकाच जागी खरखर लागत असेल आणि तिथेच अडकत असेल, तर वायरचे धागे तुटून आवरणात रुतलेले असतात. पूर्ण प्रवासभर जड आणि सुस्त असेल तर वायर सुकलेली असते किंवा पेडलची कणी (ज्यावर पेडल फिरतं ती खीळ) गंजलेली. थंड इंजिनावर ठीक आणि तापल्यावरच अडत असेल, तर वायरचं आवरण सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांजवळ) कुठेतरी भाजून मऊ पडलंय का ते बघायचं. माझ्याकडे पहिली दोन्ही लक्षणं एकत्र होती.

इंजिन थंड, एलपीजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हे काम सकाळी सहाला सुरू करायचं, कारण नऊनंतर बोनेटच्या पत्र्याला हात लावता येत नाही. शिवाय क्लीनरचा डबा पेटणारा असतो. तो उन्हात ठेवायचा नाही आणि जवळपास बिडी-काडी नको.

सामान थोडंच लागतं: १० आणि १२ नंबरचे पाने, चपटा आणि फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, नाकाची पक्कड, थ्रॉटल बॉडी क्लीनरचा एक डबा, जुना टूथब्रश, सुती फडकी, थोडं पांढरं लिथियम ग्रीस, दोन मीटर मजबूत दोरा आणि टॉर्च. नवी वायर आणायला जाताना जुन्या वायरची लांबी आणि दोन्ही टोकांचे फोटो घेऊन जा. एकाच मॉडेलच्या कार्ब्युरेटरवाल्या आणि एमपीएफआय गाडीची वायर वेगळी असू शकते, आणि काउंटरवरचा माणूस घाईत 'हीच लागते' म्हणून देऊन टाकतो.

एअर फिल्टरकडून येणाऱ्या जाड रबरी पाइपच्या दोन्ही क्लॅम्प सैल केल्या, इंजिनाच्या ब्रीदरचा (आतली वाफ बाहेर सोडणारा) बारीक पाइप काढला आणि थ्रॉटल बॉडीचं तोंड उघडं केलं. थ्रॉटलच्या बाजूला अर्धगोल चकती असते, तिच्या खाचेत वायर गुंडाळलेली असते. चकती हाताने पूर्ण फिरवली की वायर ढिली पडते, मग टोकाची गुंडी आडवी सरकवून घरातून बाहेर येते. वायर सुटली. आता चकती बोटाने फिरवून सोडून द्यायची. चांगलं थ्रॉटल 'खट्' आवाज करून मिटतं. माझं मिटायचं, पण शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला लोणी लागल्यासारखं संथ व्हायचं. म्हणजे दोष नंबर एक सापडला.

तिथे कार्बन का साचतो? ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ पाकळीच्या अगदी अलीकडे आत शिरते. त्यात आपली काळी माती. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि केळीच्या ट्रकांमागे सावदा-रावेरच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर किती लवकर भरतो ते सांगायला नको. फिल्टर नीट बसलेला नसेल तर बारीक धूळ थेट आत जाते, तेलात कालवली जाते आणि पाकळीच्या कडेला डांबरासारखी कड धरते. थंडीत ती कड घट्ट होते, म्हणून सकाळी त्रास जास्त.

क्लीनर थेट आत ओतायचा नाही. आयडलचा (पेडल मोकळं असतानाच्या रेसचा) व्हॉल्व्ह आणि थ्रॉटलचा सेन्सर त्याच बॉडीवर असतात, त्यांच्यात तो शिरला तर नवं दुखणं. फडक्यावर स्प्रे मारून पाकळी पुढून-मागून आणि नळीची आतली भिंत पुसली. कडेला टूथब्रश. पाकळीच्या दांड्याची दोन्ही टोकं जिथे बॉडीत शिरतात तिथे एकेक बारीक फवारा, मग चकती वीस-पंचवीस वेळा उघड-मीट. तीन फडकी काळी झाली, चौथं करडं निघालं, तिथे थांबलो. पॉलिश पेपर किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचा मोह आवरा. काही बॉडींना पाकळी बसते त्या रेषेवर मुद्दाम लेप दिलेला असतो. तो गेला की हवा गळते आणि आयडल कायमचं वर राहतं. तसाच रंगाचा ठिपका लावलेला थ्रॉटलच्या टेकणाचा स्क्रू. त्याला हात लावायचा नाही, आयडल त्याने सेट करत नाहीत.

थ्रॉटल 'खट्' वाजायला लागलं. दोष नंबर दोन वायरचा. पेडलकडचं टोक सोडवायला सीट पूर्ण मागे, आपण पाठीवर, डोकं पेडलपाशी, पाय दाराबाहेर. पेडलच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकची क्लिप असते. उन्हाने ती ठिसूळ झालेली असते, पकडीने ओढली की तुटते, म्हणून कडा दाबून हळूच काढायची. दोन्ही टोकं मोकळी झाल्यावर आतला धागा हाताने पुढे-मागे ओढला, आणि पेडलपासून वीतभर अंतरावर करकर लागली. आवरणातून ओढून काढला तर तिथे तीन-चार तारा तुटून कुसळासारख्या उभ्या. तारा तुटलेल्या वायरवर उपाय नाही. तेल सोडलं की ती दोन दिवस सरकते आणि मग एके दिवशी पूर्ण तुटते किंवा उघड्या रेसवर अडकते. वायर काही शे रुपयांत येते, बदलायचीच.

जाता जाता पेडलही एकटं हलवून बघितलं. कणी कोरडी होती, पण गंज नव्हता. पुसून ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावलं, विषय संपला.

जुनी वायर बाहेर ओढण्याआधी तिच्या पेडलकडच्या टोकाला दोरा बांधला. इंजिनाच्या बाजूने वायर ओढली की दोरा फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आपोआप मागे येतो, आणि त्याच दोऱ्याने नवी वायर आत घेता येते. दोरा नसेल तर ते भोक शोधण्यात अर्धा तास जातो. फायरवॉलवरचं रबरी बूच नीट बसवायचं. ते उंदरांनी कुरतडलेलं असेल तर बदलायचं, पावसाचं पाणी तिथूनच पायाशी येतं. उंदरांचं निघालंच आहे तर एक सांगतो: घराशेजारी कापूस साठवलेला असेल तर बोनेटखाली थ्रॉटलच्या आसपास कापसाचं घरटं नाही ना, हे बघाच. चकतीच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला बोळा रेस धरून ठेवतो आणि तापलेल्या मॅनिफोल्डजवळ आगही धरतो.

वायर का तुटली हे शोधलं नसतं तर नवीही वर्षभरात गेली असती. किट बसवताना कोणीतरी गॅसचा जाड पाइप आणि रेसची वायर एकाच प्लॅस्टिक पट्टीने आवळली होती. त्यामुळे वायरला फायरवॉलपाशी कोपऱ्यासारखा बाक आला होता, आणि तुटलेल्या तारा त्याच बाकावर होत्या. पट्टी कापली, पाइप वेगळा बांधला आणि नवी वायर मोठ्या वळणाने नेली. बाक मुठीपेक्षा लहान नको, मॅनिफोल्डपासून हातभर लांब, आणि बॅटरीच्या ट्रेखाली दबलेली नको. नव्या वायरच्या आत नायलॉनचं अस्तर असतं, तिला तेल घालत नाहीत. आपल्या धुळीत तेल म्हणजे धूळ धरून ठेवायची सोय, काही महिन्यांत आत वाळूचा लेप तयार होतो.

गॅरेजांत एक जुगाड चालतो: रेस परत येत नाही, लावा एक जादा स्प्रिंग. त्याने पेडल जड होतं, कुसळ उभी असलेली वायर आणखी जोराने घासते आणि खरा दोष झाकला जातो. मूळ स्प्रिंग तुटली किंवा घरातून निसटली असेल तरच तिला हात लावा.

आता ढिलाई, सगळ्यात नाजूक काम. वायर चकतीजवळच्या ब्रॅकेटमध्ये दोन नटांमध्ये धरलेली असते. पेडल मोकळं असताना वायर बोटाने दाबली तर दोन-तीन मिलिमीटर दबावी. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. ढिलाई शून्य ठेवली तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, शिवाय इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलतं आणि प्रत्येक हेलकाव्याला वायर ओढली जाऊन रेस आपोआप वर-खाली होते. जास्त ठेवली तर पेडल तळाला टेकलं तरी पाकळी पूर्ण उघडत नाही आणि चढावर गाडी दमते. हे तपासायला दुसरा माणूस हवा. पुतण्याला आत बसवला, इंजिन बंदच. "दाब भो, पूर्ण दाब... आता सोड!" दाबल्यावर चकती शेवटच्या टेकणाला लागली, सोडल्यावर 'खट्' करून मिटली. वीस वेळा तेच केलं. मग १२ च्या पान्याने दोन्ही नट एकमेकांवर आवळले, एक धरून दुसरा फिरवायचा, नाहीतर सेटिंग सरकतं.

पाइप, क्लॅम्प, ब्रीदर जागेवर. ब्रीदर विसरलात तर गाळणीशिवायची हवा आत जाते. बॅटरी जोडून, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून पेट्रोलवर इंजिन सुरू केलं. आयडल पहिली काही मिनिटं चढं राहिलं. पाकळीच्या कडेचा कार्बन गेला की मिटलेल्या अवस्थेतही थोडी जास्त हवा जाते, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते नव्याने जुळवून घ्यायला वेळ लागतो. घाबरून स्क्रू फिरवू नका. रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, तोवर आवाज खाली बसला. मग शिवारातल्या मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दहा-बारा वेळा रेस देऊन सोडली. महामार्गावर त्यानंतरच.

नव्या गाड्यांचं मात्र वेगळं. इंजिनाकडे वायर जातच नसेल आणि पेडलच्या वर विजेचा प्लग दिसत असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक रेस आहे. तिच्यातलं पेडल उघडायचं नाही, ग्रीस लावायचं नाही. पायाला दाब जाणवावा म्हणून आत घर्षण मुद्दाम ठेवलेलं असतं. जानेवारी २०१० मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या त्या अशाच पेडलमधल्या घर्षणाच्या भागांपायी. झिजेने आणि ओलाव्याने ते चिकटत होते, आणि उपाय म्हणून आत पोलादी पट्टी बसवली गेली. असं पेडल अडलं तर मॅट तपासा, आणि मॅट निर्दोष असेल तर गाडी टो करून न्या, पेडल अख्खं बदलतात. थ्रॉटलची पाकळीही किल्ली चालू असताना बोटाने ढकलायची नाही, आतल्या मोटरचे दाते तुटतात आणि बोटही सापडतं.

नवी वायर सुरुवातीला थोडी ताणते. आठवड्याने, दोनेकशे किलोमीटर झाल्यावर, ढिलाई पुन्हा बघितली तेव्हा दोनाची चार मिलिमीटर झाली होती. नट दोन आटे फिरवले, पुन्हा आवळले, आणि फिल्टरची पेटी उघडलीच होती म्हणून त्याची रबरी कड नीट बसली आहे का तेही बोटाने चाचपून घेतलं. ती एका कोपऱ्यात दुमडलेली होती.