सातबाऱ्यावर नसलेला फणस

वळवाच्या वाऱ्यानं आमच्या बांधावरचा फणस जमिनीपासून हातभर वर मोडला. आज्यानं लावलेलं झाड, एकाच्या कवेत न मावणारं. मी साताऱ्यात देव्हारे कोरतो. वखारीत घेतलेलं लाकूड कधी तोडलंय, किती वाळलंय, काही कळत नाही. त्यामुळं पुढच्या देव्हाऱ्याचे चारही खांब याच फणसाचे करायचे, हे झाड बघताक्षणी ठरलं.

आपलं रान, आपलं झाड, तरी परवानगी लागते. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा यांच्यासोबत फणसही आहे. वाऱ्यानं पडलेल्या झाडाला परवानगी नाकारायची नाही, असंही त्याच कायद्यात आहे. म्हणून मी निर्धास्त होतो.

अर्ज, जमिनीच्या खात्याचा आठ-अ उतारा, चुलत्यांचं संमतीपत्र दोन दिवसांत झालं. अडलं सातबाऱ्यावर. "उताऱ्यावर झाडच नाही, परवानगी कशाची द्यायची?" कचेरीच्या खिडकीतून उत्तर आलं. मोबाइलवरचा फोटो पुढं केला, तो त्यांनी बघितलाही नाही. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पीक नोंदवतात त्यात, बांधावरची झाडंही नोंदवता येतात, पण त्या हंगामाची मुदत सरली होती आणि खरिपाची सुरू व्हायला अवकाश होता. पाच खेपा मारल्या. दरवेळी साहेब दौऱ्यावर. इकडं उन्हात मोडक्या तोंडाला रोज नवी चीर. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं, कागद येईपर्यंत ते थांबत नाही. तिसऱ्या खेपेनंतर मी तोंडाला पातळ मेण फासलं. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तेवढं तरी करा.

शेवटी गावच्या तलाठी भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "पंचनामा करून देतो की, आधी का नाही आलात?" गट नंबर, घेर, लांबी, दोन पंचांच्या सह्या. तो कागद जोडला आणि आठवड्यात परवानगी हातात. पंचनाम्याचं हे एक वाक्य त्या खिडकीतून पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! तुमच्या बांधावर झाडं असतील तर ती उभी असतानाच नोंदवून घ्या.

गिरणीवाल्यानंही परवानगीची प्रत बघूनच ओंडका आत घेतला. कापताना बरोबर मधोमधचा भाग खांबात येऊ देऊ नका, तो हमखास तडकतो.

चिरांमुळं बुडाकडचा दीड हात वाया गेला. देव्हाऱ्याचा पाया त्यातून निघणार होता. चार खांब मात्र निघाले, पिवळेधमक. इंचभर जाडी वाळायला वर्ष हा आमचा हिशेब, म्हणून माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवलेत.