पाटल्या, पाणी आणि मेकॅनिकलची डिग्री

आमच्या शाखेत बीएस्सी ॲग्री झालेला कॅश सांभाळतो, होमिओपॅथी केलेली मुलगी खाती उघडते आणि मी, मेकॅनिकल इंजिनिअर, सोनेतारण आणि पीककर्ज बघतो. सरकारी बँकांत अधिकारी निवडणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ परीक्षेला कुठलीही पदवी चालते, तशी आमची चालली. घरचे पाहुण्यांना अजून ‘सध्या बँकेत आहे’ असंच सांगतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या शाखेत असतानाची गोष्ट. जून, मृगाचा पाऊस पडून गेलेला, बी-बियाण्यासाठी सोनं ठेवायला रांग. एक आक्का मुलाला घेऊन आल्या. रुमालाच्या गाठीत पाटल्यांचा जोड. “चार तोळं हाय. सासूनं घातलेलं.”

काट्यावर ४६ ग्रॅम भरलं, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा धरला तर बरोबर. आमच्या पॅनेलवरच्या सोनारकाकांनी कसोटीवर घासून ॲसिड टाकलं, रेघ टिकली, म्हणजे वरून तरी सोनंच. तरी त्यांनी पाटली काउंटरच्या काचेवर दोनदा वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. “आवाज बरोबर न्हाई, साहेब.”

मला एकदम हुरूप आला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला आणि एक पाटली दोऱ्याला बांधून, तळाला टेकू न देता बुडवली. २२ कॅरेटच्या २३ ग्रॅमनं पाणी सारायला हवं १.३ ग्रॅमच्या आसपास. काटा दाखवत होता २.५. घनता नऊच्या थोडी वर, म्हणजे आत तांबं किंवा पितळ आणि वरून सोन्याचा जाड मुलामा. चार वर्षांची इंजिनिअरिंग फी भरून नोकरीत उपयोगी पडलं ते अकरावीचं फिजिक्स, तेही काकांच्या कानानं आधीच सांगितलेलं सिद्ध करायला.

आता हे आक्कांना सांगायचं कुणी? काकांनी चष्मा पुसायला घेतला. मीच बोललो, “आक्का, यात सोनं वरवरचं आहे. यावर कर्ज नाही देता येणार.”

त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मुलाकडे वळून पाहिलं, बराच वेळ. तो भिंतीवरचं व्याजदराचं पत्रक वाचू लागला. आमचं पत्रक इतकं मन लावून कुणी वाचत नाही. मागच्या रांगेतही चुळबुळ थांबली होती.

“जमीन कुणाच्या नावावर?” मी विचारलं.

“माझ्या. मालक गेल्यावर तलाठ्यानं वारसनोंद केली की.”

मग सोपं होतं, सोनेतारणाऐवजी पीककर्ज. तेव्हा १ लाख ६० हजारांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण लागत नव्हती (जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा २ लाख आहे). सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे नो ड्यूज, म्हणजे थकबाकी नसल्याचे दाखले, एवढं आणा म्हटलं. वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत धरून व्याज ४ टक्के, आणि त्यातलंही बरंचसं राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून परत. सोनेतारणापेक्षा हेच स्वस्त, पण हे सांगायला रांगेत कुणाला वेळ असतो? मलाही एरवी नसतो.

कागद घेऊन आक्का एकट्याच आल्या. सह्या-अंगठे झाले. किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज पुढे केला, तर त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

“कारड नगं. पैसं लागलं की मीच येईन, अंगठा देईन. आनी दुसरं कुनी आलं तर देऊ नका.”