पुणे–बंगळुरू–पुणे: दोन रात्री, सात बिलं आणि एक क्यूआर कोड

कंपनीच्या कामाचा तीन दिवसांचा फेरा होता. दोन विमान तिकिटं, एक हॉटेल, तीन टॅक्सी, एक जेवण. सातांपैकी ई-इनव्हॉइसचा, म्हणजे सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवलेल्या क्यूआरवाल्या बिलाचा, प्रश्न फक्त हॉटेलच्या बिलाचा, आणि डोकेदुखीही तिथलीच.

विमानाचं आधी उरकू. प्रवासी वाहतूक करणाऱ्यांना ई-इनव्हॉइसची सूट आहे, म्हणून तिकिटाच्या बिलावर क्यूआर शोधत बसू नका. मात्र बुकिंग करतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि अकाउंट्सचा ईमेल भरा. बोर्डिंग पास म्हणजे बिल नव्हे. पीएनआर टाकून विमान कंपनीच्या साइटवरून कर-बिल वेगळं उतरवून घ्या. बुकिंग पोर्टलवरून तिकीट काढलं असेल, तर त्यांच्या सुविधा शुल्काचं बिल निराळं. जीएसटी क्रमांक दिला की पुरवठ्याचं ठिकाण (कर कुठल्या राज्यात लागतो ते) आपलंच राज्य धरलं जातं, त्यामुळे परतीच्या तिकिटावरचं क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या कराची कंपनीला मिळणारी वजावट, पुण्याच्या नोंदणीत येतं.

आता हॉटेल. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना नोंदणीकृत ग्राहकासाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. उलाढाल पॅनवर, म्हणजे त्या पॅनखालच्या सगळ्या शाखांची मिळून मोजतात, त्यामुळे साखळीतलं बारा खोल्यांचं हॉटेलही त्यात येतं. चेक-इनला कंपनीचा जीएसटी क्रमांक दिला नाही, तर बिल सामान्य ग्राहकाचं होतं आणि त्याला आयआरएन (ई-इनव्हॉइसचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक) मिळतच नाही. नंतर पेनानं क्रमांक लिहून शिक्का मारून आणलेलं बिल अकाउंट्स परत पाठवतात, आणि ते बरोबरच करतात.

चेक-आउटला सकाळी सात वाजता हातात पडलेल्या कागदावर बहुधा आयआरएन नसतो. बॅक ऑफिस तो दिवसभरात काढतं. पक्कं बिल मेलवर मागा आणि आलं की लगेच क्यूआर स्कॅन करा. त्यात विक्रेत्याचा आणि ग्राहकाचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि 64 अक्षरांचा आयआरएन असतो. छापील कागदावर क्रमांक बरोबर आणि क्यूआरमध्ये वेगळा असेल, तर क्यूआरमधलाच खरा धरा, कारण पोर्टलवर तोच गेलेला असतो. चूक दिसली की त्याच दिवशी फोन लावा. आयआरएन निघाल्यापासून 24 तासांतच रद्द होतो, तोही पूर्ण. त्यातली एखादी ओळ बदलता येत नाही. रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नसल्यानं नवं बिल नव्या क्रमांकाचं येईल.

खोली रोजची 8,200 रुपये, दोन रात्रींचे 16,400. 7,500 च्या वरच्या खोलीला 18 टक्के, म्हणजे 2,952 रुपये कर: 1,476 सीजीएसटी (केंद्राचा), 1,476 कर्नाटकचा एसजीएसटी (राज्याचा). हॉटेल जिथे आहे ते राज्यच पुरवठ्याचं ठिकाण, त्यामुळे महाराष्ट्राच्या, म्हणजे 27 नं सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाला या कराचं क्रेडिट नाही. कंपनीची कर्नाटकात नोंदणी असेल तर 29 वाला क्रमांक द्या. नसेल तर 27 वाला द्या आणि कर खर्चात धरा. काही ठिकाणी क्रेडिट बुडालं म्हणून हे 2,952 कर्मचाऱ्याच्या रकमेतून कापतात. हे चूक आहे; बिल नियमात असताना क्रेडिट मिळालं नाही, त्यात त्याचा काय दोष?

टॅक्सी आणि जेवणावर क्रेडिट सहसा कायद्यानंच अडवलेलं आहे, तिथे ई-इनव्हॉइससाठी भांडू नका. साधी पावती लावा. हॉटेलातलं जेवण खोलीच्या बिलात मिसळू देऊ नका, वेगळी ओळ करून घ्या.

क्लेम तिमाहीअखेर एकदम भरायची सवय असेल तर एक तारीख लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी किंवा अधिक उलाढालीच्या विक्रेत्याला 30 दिवसांपेक्षा जुनं बिल पोर्टलवर चढवता येत नाही. हॉटेल आयआरएन काढायला विसरलंय, हे पस्तिसाव्या दिवशी कळलं तर त्या बिलाचा आयआरएन त्यांनाही काढता येत नाही.