केवढ्याला?

घर बदलायचं ठरलं आणि गराजमध्ये नीट उभं राहून एकदा चौफेर नजर टाकली तेव्हा कळलं की ह्यातलं निम्मं सामान ट्रकमध्ये चढवायच्या लायकीचं नाहीये, म्हणून मग यार्ड सेल, म्हणजे जुनं सामान घरासमोर मांडून विकायचं. अमेरिकेत इतकी वर्षं शनिवारी सकाळी गाडीतून जाताना त्या पुठ्ठ्याच्या पाट्या बघत आलो, कधी उतरून कुणाची तरी पुस्तकं नाहीतर कुंड्या डॉलर दोन डॉलरला उचलूनही आणल्या, आता आपली पाळी. मला वाटलं त्यात काय, सामान बाहेर मांडायचं, किंमत चिकटवायची आणि खुर्ची टाकून बसायचं. (पाट्या खांबांवर लावायला बऱ्याच गावांत बंदी असते आणि काही ठिकाणी सेलसाठी परमिटही काढावं लागतं, हे सगळं आधी बघून घ्यायचं असतं, आम्ही अर्थातच आदल्या रात्री बघितलं.)

काय विकायचं हे ठरवणं त्यामानाने सोपं गेलं. काही गोष्टी तर आपल्या हातातच नसतात. रिकॉल झालेली, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवलेली वस्तू विकायची नाही, स्वतःच्या दारातल्या सेलमध्येसुद्धा नाही, आणि बाळाच्या ज्या क्रिबची, म्हणजे कठड्याच्या पलंगाची, एक बाजू खाली सरकते तसली तर जून २०११ पासून विकायलाच बंदी आहे, नवी असो की जुनी. आमची क्रिब तसली नव्हती, पण बाळाची कार सीट उलटी करून बघितली तर तळाला एक्सपायरी डेट, तीही उलटून गेलेली. कार सीटला दुधासारखी तारीख असते हे मी विसरूनच गेले होते. सायकलचं हेल्मेटही बाजूला काढलं कारण ते पोरासकट एकदा आपटलंय आणि एकदा आपटलेल्या हेल्मेटचा भरवसा नाही, आतून तडा गेला असला तरी दिसत नाही. हजार तुकड्यांच्या जिगसॉवर मात्र नवऱ्याने प्रामाणिकपणे 'एक तुकडा नाही' अशी चिठ्ठी लावली. मी म्हणलं हे कोण घेणार. ते सगळ्यात आधी गेलं.

खरी भांडणं किमतीवरून.

ब्रेड मेकर घ्या. नव्वद डॉलरचा, वापरला चार वेळा, त्यात दोनदा पाव विटेसारखा झाला. मी मास्किंग टेपच्या तुकड्यावर ४० लिहिलं. नवरा म्हणाला ५. मी म्हणलं अरे नवा आहे तो, तो म्हणाला नवा नाहीये, न वापरलेला आहे, दोन्हीत फरक असतो. लोक सांगतात की नव्या किमतीच्या दहा टक्के धरायचे, त्या हिशोबाने ९, पण दहा टक्के हे दुसऱ्याच्या वस्तूला लावायला बरं वाटतं. गंमत म्हणजे ह्यावर रीतसर प्रयोग झालेत. काहनेमन, नेच आणि थेलर ह्या तिघा संशोधकांचा १९९० चा पेपर आहे, त्यात वर्गातल्या काही मुलांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि नंतर विचारलं केवढ्याला विकाल, बाकीच्यांना विचारलं केवढ्याला घ्याल, तर विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाला. आणि ते मग त्यांच्याकडे येऊन किती वेळ झाला होता, तर काही मिनिटं! माझ्याकडे ब्रेड मेकर सहा वर्षं होता.

नवऱ्याच्या डंबेल्सना मी ३ डॉलर लिहिले तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला त्यावर तीस हवे होते. मग लक्षात आलं की दोघंही एकमेकांच्याच वस्तू स्वस्तात काढतोय, म्हणून ठरवलं की माझ्या वस्तूंची किंमत त्याने लिहायची, त्याच्या वस्तूंची मी, आणि अपील एकदाच. ब्रेड मेकरचं १५ वर ठरलं.

बोहारणीचं बरं होतं. दोन साड्या आणि एक पँट पुढे टाकली की तीच बघायची, नाक मुरडायची आणि पातेलं काढायची, आपण फक्त 'एवढंसंच?' म्हणायचं. इथे आकडा आपणच आधी लिहायचा. न लिहून चालत नाही, कारण निम्मे लोक भिडस्त असतात, किंमत दिसली नाही तर विचारत नाहीत, वस्तू खाली ठेवतात आणि चालू लागतात. आणि आकडे पाव डॉलरच्या पटीतले ठेवायचे, म्हणजे सुट्ट्यासाठी एक क्वार्टरचा रोल आणि एकेकच्या नोटा पुरतात, नाहीतर १.९९ वगैरे दुकानाची नक्कल केली की पेनीसाठी घरभर डबे उपडे करत बसा. पुस्तकांच्या कव्हरवर टेप चिकटवू नका हेही जाता जाता सांगते, निघताना चित्र घेऊन निघते.

आठची वेळ लिहिली होती, साडेसातला दोन गाड्या हजर. हे पट्टीचे लोक, बहुतेक पुढे विकणारे, त्यांना गप्पा नको असतात, अवजारं आहेत का, जुने कॅमेरे आहेत का, नाही, थँक यू, गेले. दहानंतर रमतगमत येणारे. ब्रेड मेकर एका आजोबांनी उचलला, मी लगेच सुरू झाले की फक्त चारदा वापरलाय, मॅन्युअल आहे, टायमर पण आहे, त्यांनी काही न बोलता झाकण उघडून कणीक मळायचं पातं जागेवर आहे का एवढं बघितलं, एक्स्टेन्शन कॉर्डला लावून फिरवून बघितलं आणि म्हणाले दहा. मी दिला. डंबेल्स तीनच्या तीनला गेल्या, नवरा त्या वेळी मुद्दाम घरात पाणी प्यायला गेला होता.

दुपारी हिशोब करताना त्याला शंका आली की ह्यावर टॅक्स लागतो का. घरातल्या वापराची वस्तू घेतली त्यापेक्षा कमी किमतीला विकली तर लागत नाही, पण झालेला तोटाही दाखवता येत नाही. एवढा तोटा, आणि दाखवायला जागा नाही.

आवरायला घेतलं तेवढ्यात एक बाई आल्या. शेवटचा तास म्हणून सगळं अर्ध्या किमतीत होतं, त्यांनी कशाकडेच बघितलं नाही, ज्यावर सामान मांडलं होतं त्या फोल्डिंग टेबलाचे पाय हलवून बघितले आणि विचारलं, हे केवढ्याला?

"वीस," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं. त्यांनी वीसची नोट काढून पुढे केली तेव्हा आठवलं, टेबल शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं होतं.