येशूसंघाच्या तपसाधनेतले आठ दिवस

बँकेतली नोकरी सोडून शिकवायला लागायचं मनाशी ठरवलं होतं, धीर तेवढा होत नव्हता. म्हणून येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट, फादरांकडे आठ दिवसांच्या तपसाधनेला (रिट्रीटला) बसले. आमच्या वसईकडे तपसाधना म्हटली की माईक, गाणी, दणदणीत प्रवचनं. इथे मोबाईल पहिल्याच संध्याकाळी जमा. जेवतानाही मौन, लोणचं हवं असेल तर खुणेनं मागायचं! दिवसातून चार वेळा तास-तासभर एकटीनं प्रार्थना. फादर रोज एकदाच भेटायचे, शुभवर्तमानातला एखादा उतारा द्यायचे, दोन वाक्यं बोलायचे, संपलं.

मी सल्ला मागितला, त्यांनी दिला नाही. मार्गदर्शकानं तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं, ही खुद्द संघाचा संस्थापक संत इग्नेशियसची ताकीद. मला रागच आला.

मग त्यांनी मुळापासून सांगितलं. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडलेला इग्नेशियस हा बास्क उमराव लोयोलाच्या गढीत पडून होता. वाचायला शौर्यकथा हव्या होत्या, मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. दरबारी पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण मागाहून मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद टिकून राहायचा. संघाचं सगळं वळण मला या निरीक्षणात दिसतं. पुढे मानरेसाला त्यानं साधनेची टिपणं काढली, पॅरिसमध्ये सोबत्यांना तीच साधना दिली. 15 ऑगस्ट 1534 ला मोंमार्त्रला सात जणांनी व्रत घेतलं. 27 सप्टेंबर 1540 ला पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली. ठराविक झगा नाही, मठातलं सामूहिक स्तोत्रगायन नाही, पाठवतील तिकडे निघायचं. त्या सातांतला फ्रान्सिस झेवियर तर मान्यतेआधीच रोमहून निघाला होता, 1542 मध्ये गोव्यात पोचला.

मधल्या एका दिवशी मन पार सुकलं. प्रार्थनेत पगार, पेन्शन, घराचे हप्ते. नको ते शिकवणं, असंच वाटायला लागलं. फादर म्हणाले, "तास भरला की लगेच उठू नका, उलट थोडं जास्तच बसा." आणि मन असं उदास असताना आधी ठरवलेलं बदलायचं नाही. दोन्ही नियम इग्नेशियसचेच. चिडत का होईना, बसले.

शेवटी मन निवल्यावर वहीत दोन रकाने पाडून सोडण्याची आणि न सोडण्याची कारणं लिहायला लावली. तीही त्याचीच पद्धत. न सोडण्याचा रकाना लांबलचक झाला, पण त्यातली बहुतेक कारणं 'लोक काय म्हणतील' याच जातीची निघाली. राजीनामा दिवाळीनंतर दिला.