जिभेवरचा करंट आणि चालण्याचा सराव : माझा अनुभव

मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे (या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजतं) चालताना तोल जाणाऱ्यांसाठी जिभेवर हलका करंट देणारं ‘पॉन्स’ नावाचं यंत्र आहे. कॅनडात २०२० साली आणि अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. अमेरिकेतली मान्यता २२ वर्षांपुढच्यांसाठी, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि देखरेखीखालच्या व्यायामाच्या जोडीनेच आहे. नुसतं तोंडात धरून बसलं तर काही होत नाही.

उपचाराच्या १४ आठवड्यांपैकी पहिले दोन मी कॅनडात दादाकडे राहून क्लिनिकमध्ये केले. उरलेले गोव्यात फोंड्याला घरी, थेरपिस्ट व्हिडिओवर.

कंट्रोलर गळ्यात अडकवायचा. माउथपीसवर सोन्याचा मुलामा दिलेले १४३ इलेक्ट्रोड असतात. ती बाजू खाली, जिभेच्या पुढच्या भागावर. ओठांनी आणि दातांनी हलकेच धरायचं. जिभेच्या नसांतून संदेश थेट ब्रेनस्टेमकडे (मेंदूच्या देठाकडे) जातात, म्हणून जागा जिभेची. करंटचा जोर हळूहळू वाढवायचा. सोड्याच्या बुडबुड्यांसारखं सगळीकडे सारखं चुरचुरलं की पुरे. एकाच कडेला टोचत असेल तर जीभ कोरडी आहे किंवा माउथपीस तिरकं बसलंय. अशा वेळी जोर न वाढवता पाण्याचा घोट घ्या आणि नीट बसवा. लाळ सुटतेच, गिळत राहा. खांद्यावर पंचा असू द्या.

प्रत्येक सत्र २० मिनिटांचं: एक चालण्याचं, एक तोलाचं, एक शांत बसून श्वासाचं. तोलासाठी मी भिंतीच्या कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून उभी राहते. आधी पाय जुळवून, मग डोळे मिटून, मग दुमडलेल्या गोधडीवर. मोजे नकोतच, आमच्या गुळगुळीत लाद्यांवर ते घात करतात.

गोव्यातली खरी अडचण उकाड्याची. आवरण गेलेल्या नसा अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी संदेश नीट नेत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात सकाळी अकराला चालायला घेतलं की पाय जड, आणि वाटतं यंत्र बिघडलं. अंग थंड झालं की उतरतं ते. चालणं सकाळी सातच्या आत आटपा, श्वासाचं सत्र दुपारी पंख्याखाली.

बरं ‘वाटण्या’वर भरवसा ठेवू नका, मोजा. डायनॅमिक गेट इंडेक्स या चालण्याच्या चाचणीत आठ कामं असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. वेग बदलणं, मान वळवत चालणं, गर्रकन फिरून थांबणं, अडथळा ओलांडणं, जिना. १९ किंवा कमी म्हणजे पडण्याचा धोका. घरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर स्वतःच गुण देऊ नका. त्यांची उंची एकसारखी नसते. या यंत्राच्या २०१४ च्या चाचणीत रुग्ण फक्त २० होते आणि नकली करंटवाल्या गटातही थोडी सुधारणा दिसली. म्हणजे काही वाटा व्यायामाचाही असू शकतो, हे धरूनच खर्चाचा विचार करा.

पेसमेकर, गरोदरपण, तोंडात जखम किंवा निकेल, सोनं, तांब्याची ॲलर्जी असेल तर हे यंत्र नाही. १४ आठवड्यांनी माउथपीस बदलावं लागतं, तो खर्च आधीच विचारून ठेवा.