पत्रे उतरवले, परत कौलं
३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनच्या घराची अर्धी कौलं गेली, पाऊस तोंडावर आणि कौलं मिळेनात, मग घाईघाईत पडवीवर लोखंडी पत्रे मारून घेतले. पाच वर्षांत भोकं! पत्रा तसा बरा होता हो, पण स्क्रू साधे मारलेले, खाऱ्या हवेने आधी ते गंजले मग त्यांच्याभोवतीचा पत्रा, आणि रबरी वॉशर तर बोटांत चुरगळले. यंदा मेमध्ये सगळं उतरवलं, किडलेले वासे बदलले, मंगलोरी कौलं चढवली, कडेच्या दोन ओळी तारेने रिपेला, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला, बांधल्या कारण वारा आधी तिथूनच शिरतो. सुतारकाका म्हणाले, दरवर्षी शाकारायचं, म्हणजे कौलं नीट बसवून फुटकी बदलायची, कंटाळा करायचा नाही. पडवीत आता दुपारी बसवतं तरी, पत्र्याखाली नुसती भट्टी व्हायची.